कोटाच्या बाहीतलं बटण

“तुमचा कोट आज मिळणार नाही,” लाँड्रीवाला म्हणाला.

“का?”

“त्यावर बाळंतीण आहे.”

तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. काउंटरमागच्या भिंतीवर मोठी पाटी होती – ‘अर्जंट काम एका तासात’. तिच्याखाली बारीक अक्षरांत दुसरी – ‘वेळेत न नेलेल्या कपड्यांना दुकान जबाबदार नाही’. बाळंतिणीबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

“हे बघा, उद्या सकाळी माझी मुलाखत आहे. मला विनोद नको, कोट हवाय.”

“मग आत येऊन बघा. पण हळू. ती आत्ता कुणाचीच ओळख ठेवत नाहीये.”

बॉयलरच्या मागे, उबदार कोपऱ्यात धुवायच्या कपड्यांची टोपली होती. टोपलीत गल्लीतली काळी कुत्री आडवी पडलेली, तिच्याखाली राखाडी कोट, आणि कोटावर चार पिल्लं आईला बिलगून चुपूचुपू दूध पीत होती. त्याने दोन बोटांनी कोटाची एक बाही अलगद उचलली. बाहीच्या तोंडातून एक इवलंसं नाक बाहेर आलं आणि लगेच परत आत गेलं.

“हे पाचवं. आईपर्यंत पोचायच्या ऐवजी इकडे घुसतं सारखं.”

“आणि तुम्ही तिला टोपलीत शिरू दिलंत?”

“मागचं दार उघडं राहिलं. आत्याने हाकलायचा प्रयत्न केला, पण–”

“खोटं बोलू नकोस रे!” आतल्या खोलीतून आवाज आला. “मी कशाला हाकलू? मी पाणी ठेवलं!”

त्याने मान खाली घातली. मग खुंटीवरचा एक काळा कोट काढून तिच्यासमोर धरला. “हा घाला. माझा आहे, गिऱ्हाइकाचा नाही.”

बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या. त्याने टाचण्या ओठांत धरल्या, तिचा हात हातात घेतला आणि बाही आत दुमडायला लागला. इस्त्रीने तापलेली बोटं होती. तिच्या मनगटाला ती लागली… आणि तिने उगीचच पाटी पुन्हा वाचायला घेतली.

“हलू नका.”

“मी कुठे हलतेय?”

“तुम्ही उभ्या उभ्या चालताय.”

हे मात्र खरं होतं. तिचे बाबा तिला लहानपणापासून भिंगरी म्हणत. तिला एका जागी ठरणं माहीत नव्हतं; आणि काम मिळालं होतं नेमकं बैठं. एका लॅबमध्ये ती कवळ्यांचे दात घडवायची. मेणात कोरायचे, घासायचे, पुन्हा कोरायचे. दिवसभर दुसऱ्यांचे दात करायचे आणि आपण दातओठ खात बसायचं, असं ती म्हणे. उद्याची मुलाखत लांबच्या शहरातल्या मोठ्या लॅबसाठी होती. तिथे ती माणसांना शिकवणार होती, चार शाखांमधून फिरणार होती. फिरणार! त्या एका शब्दासाठी तिने अर्ज केला होता.

नोकरी मिळाली. तीन आठवड्यांनी रुजू व्हायचं होतं.

ती कोट परत करायला गेली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं आणि काउंटरवर कुणीच नव्हतं. बॉयलरपाशी तो गुडघ्यांवर बसला होता, हातात टॉवेल, टॉवेलात ते पाचवं.

“आईने बाजूला सारलं त्याला,” तो म्हणाला. “गार पडलंय. घासतोय मघापासून… मला हे जमत नाहीये हो.”

“द्या इकडे.”

तिने पिल्लू तळहातावर पालथं घेतलं. आत्याने ड्रॉपर पुढे केला. तांदळाएवढ्या दातावर रेघ कोरणाऱ्या बोटांना थेंब कसा सोडायचा ते शिकवावं लागलं नाही. पहिला थेंब ओघळला. दुसराही. तिसऱ्याला जीभ हलली.

तो मोठ्याने हसला आणि मग त्याने घाईघाईने डोळे टॉवेलने पुसले. “वाफ जाते डोळ्यांत.”

“बॉयलर तर बंद आहे,” आत्या म्हणाली.

समोरच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पिल्लू तपासलं, पावडरचं दूध दिलं आणि तिघांना दम दिला. “ठरल्या वेळी, सांगितलं तेवढंच. मध्ये एक थेंबही नाही. एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवून जेवढे मारत नाहीत, तेवढे लोक लाडाने मारतात.”

सकाळ-दुपार त्याने पाजायचं, संध्याकाळी तिने, असं ठरलं. नाव आत्याने ठेवलं. दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून निसटलेल्या बटणांची बरणी होती. “हेही तसलंच. निसटलेलं बटण,” ती म्हणाली. बटण झोपायचं मात्र त्या जुन्या राखाडी कोटाच्या बाहीतच. त्यामुळे तो कोट धुता येईना, आणि काळा कोट तिच्याचकडे राहिला.

ती रोज यायची. बटणला छातीशी धरून हँगरांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालायची. कुणाकुणाचे सदरे तिच्या खांद्याला घासत, वाफेचा ओलसर वास केसांत राहून जाई. त्याची इस्त्री पुढे-मागे, तिची पावलं पुढे-मागे.

“बसत का नाही तुम्ही?” एकदा त्याने विचारलं.

“बसलं की वाटतं, काहीतरी दुसरीकडे चाललंय आणि मी तिथे नाहीये.”

“आणि तिथे गेलात की?”

“मग इथे काय चाललं असेल, ते…” ती थबकली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. “तुम्हाला नाही असं होत?”

“माझं जग खिशांत येतं. धुण्याआधी सगळे खिसे तपासतो ना मी. तुमच्या कोटात बसची तिकिटं होती. निरनिराळ्या बसची. आणि एक मेणाचा दात.”

“अय्या, तो तिथे होता? द्या परत.”

“नाही देत.”

“का म्हणून?”

“दुकानाचा नियम आहे.”

“कुठे लिहिलाय?”

“लिहायचाय अजून,” तो म्हणाला आणि त्याने एकाच कॉलरवर तिसऱ्यांदा इस्त्री फिरवली.

बटणचे डोळे उघडले. ड्रॉपर जाऊन छोटी बाटली आली. पण भावंडं टोपलीतून बाहेर पडून दुकानभर लुडबुडायला लागली, तरी बटण त्यांच्या निम्मंच. तिचा जीव टांगणीला लागला. लॅबमध्ये तिने एका आजोबांचे सुळे पटाशीच्या जागी बसवले. निघायचा दिवस जवळ येत होता, आणि तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं, की तो लवकर यावा असं वाटतंय की येऊच नये असं.

तो शेवटचा रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी. दुपारी ती आली तर लाँड्री बंद, मागचं दार उघडं, आणि बटण इस्त्रीच्या टेबलावर विव्हळत पडलेलं. पोट नगाऱ्यासारखं टम्म.

आत्याने बोलावून आणलेल्या डॉक्टरबाईंनी पोटावर टिचकी मारली. “जास्तीचं दूध कुणी पाजलं?”

तिने बटणच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“मी,” ती म्हणाली. “कामावर जाताना… मागच्या दाराने यायचे. थोडंसंच.”

“तू पण?” तो एकदम बोलून गेला. “मी तू गेल्यावर द्यायचो, संध्याकाळी.”

आत्या पदराशी चाळा करत होती.

“आत्या?”

“दोन चमचे रे! मला वाटलं, तुम्ही दोघं एकमेकांकडेच बघत बसता, त्याला द्यायचं विसरत असाल!”

डॉक्टरबाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते इंजेक्शन भरेपर्यंत आवरलं. “आता दूध बंद. ऊब द्या, पोट हलक्या हाताने चोळा. संध्याकाळपर्यंत पोट मोकळं झालं तर वाचेल. नाही झालं तर घेऊन या… पण मग खात्री देत नाही.”

आत्या काळीला आणि बाकीच्या चौघांना घेऊन आत गेली. बंद शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. ती बटणला काळ्या कोटाच्या आत धरून फिरत होती. टोकापासून टोकापर्यंत, पुन्हा उलटी. एका बोटाने पोट चोळत. तोही आज तिच्या मागेमागे फिरत होता, इस्त्रीशिवाय हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा.

“का दिलंस तू?” तिने मागे न बघता विचारलं. दोघांच्याही तोंडी आता ‘तू’ बसला होता.

“आधी तू सांग.”

“मला ते धडधाकट झालेलं बघून जायचं होतं. एवढंसंच राहिलं असतं, तर मी राहिले असते. आणि…” ती थांबली. “कीव येऊन मला कुठे राहायचं नाही. मग मी त्याचाच राग केला असता. तुझाही.”

“मला ते दिसत होतं.”

“काय दिसत होतं?”

“तू त्याच्याकडे कशी बघतेस ते. म्हणून पाजत होतो. म्हटलं, लवकर मोठं होऊ दे. तुला जाताना मागे वळून बघायला लागू नये.”

ती वळली. “म्हणजे मला घालवायची घाई झाली होती तुला?”

“घाई असती तर दात नसता परत दिला?”

तिने ओठ चावले. हसू आणि रडू एकाच वाटेने येत होतं.

“तू जावंस असं वाटतं,” तो म्हणाला. “खरंच वाटतं. इथे बसलीस तर वाळवंटातल्या माशासारखी तडफडशील. आणि… संध्याकाळी मागचं दार वाजलं नाही तर माझं काय होईल, तेही कळत नाही. उलटसुलट करून बघितलं. दोन्ही बाजूंनी तसंच.”

ती त्याच्याजवळ गेली. पहिल्यांदाच तिची पावलं थांबली. दोघांच्या मध्ये बटण, त्याचा हात बटणच्या पोटावर, तिच्या हातावर. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली. तिच्या लक्षात आलं, की ती बराच वेळ एका जागी उभी आहे आणि तिला दुसरीकडे काहीही चालू असल्यासारखं वाटत नाहीये.

तेवढ्यात बटण ताठ झालं. थरथरलं. आणि काळ्या कोटाच्या आत, अस्तरावर, खिशावर, कष्टाने दुमडलेल्या बाहीवर… पोट मोकळं झालं. सगळंच्या सगळं.

“झाली!” ती ओरडली. “शी झाली!”

“झाली?” आत्या धावत आली. “बघू, बघू! अगं बाई, किती ती!”

तिघंही कोटाकडे असं बघत होते, जणू त्यावर सोनं सांडलंय. बटणने एक मोठी जांभई दिली, आणि जुन्या कोटाच्या बाहीत ठेवताच झोपून गेलं.

तिने काळा कोट उतरवून काउंटरवर ठेवला. “उद्या सकाळी गाडी आहे. अर्जंट होईल?”

त्याने मागे वळून मोठ्या पाटीकडे पाहिलं. मग हात वर करून ती पाटी खुंटीवरून काढली आणि काउंटरखाली ठेवली.

“अर्जंट बंद केलंय.”

“बरं. मग दोन्ही कोट इथेच राहू देत. शनिवारी येते.”

“शनिवारी? दिवसभराचा प्रवास आहे तो.”

“भिंगरीला फिरायचा कंटाळा असतो का?”

त्याने उरलेल्या बारीक पाटीकडे बोट दाखवलं. “हे वाचलंयस ना? वेळेत नेले नाहीस तर दुकान जबाबदार नाही.”

“दुकान नसू दे,” ती म्हणाली. “तू आहेस का?”

इस्त्रीवाल्या त्या बोटांनी बटणांची बरणी उघडली, तळापर्यंत चाचपडली आणि मेणाचा दात काढून तिच्या तळहातावर ठेवला. मग तिची मूठ मिटली, आणि सोडली नाही.

“अरे, तोंडाने हो म्हण की!” आतून आत्या ओरडली.