बारक्याचा झेल

मेण संपलं म्हणून धोंडी तलासरीच्या बाजारात गेला होता. त्याच्या घांगळीचा, म्हणजे भोपळ्यांच्या तारवाद्याचा, एक भोपळा दांडीवर डुगडुगत होता, आणि मधाच्या पोळ्याचं खरं मेण विकणारी एकच म्हातारी त्या बाजारात बसते. ती मेण हातावर ठेवण्याआधी माणसाच्या तीन पिढ्यांची चौकशी करते. तिच्या तावडीतून सुटून धोंडी झरीच्या फाट्यावर उतरला, तेव्हा उन्हं पार कलली होती. त्याचं घर डावीकडे. धोंडी उजवीकडे वळला. हल्ली तो रोजच उजवीकडे वळायचा.

उजवीकडे बारक्याचं घर. बारक्या दम्यानं गेला त्याला वर्ष होत आलं होतं.

धोंडी आणि बारक्या ही जोडी डहाणूपासून अच्छाडपर्यंत कुणालाही विचारा. नवं भात घरात आलं की कणसरी मायची, म्हणजे धान्यदेवीची, गाणी गायला त्यांना बोलावणं यायचं. धोंडी घांगळीची तार छेडून ओळ उचलायचा, बारक्या ती झेलायचा. झेल म्हणजे क्रिकेटमधला नव्हे हो! एकानं ओळ म्हणायची आणि दुसऱ्यानं तिला उत्तर द्यायचं. जुन्या माणसांचा नेमच आहे, उचललेली ओळ भुईवर पडू द्यायची नाही. ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकून जवळ जायचं आणि ती झेलायची.

बारक्या झेलायच्या आधी एक श्वास घ्यायचा. छातीच तशी होती त्याची. सदान्‌कदा ओवा चघळायचा आणि एक श्वास उशिरा गायचा. लोक म्हणायचे, "बारक्याची गाडी लेट." धोंडीला मात्र तो श्वास गाण्यातलाच वाटायचा. त्या जागेवाचून गाणं त्याला कधी गोड लागलं नाही.

त्यांची स्वतःची गाणीही होती. मध्यंतरी आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. जमिनीच्या पोटातून गडगड व्हायची आणि सगळं गाव घराबाहेर प्लास्टिकखाली झोपायचं. पोरं रडायला लागली की ही जोडी गायची. धोंडी उचलायचा, 'धरतरी माय गं, कूस का बदललीस?' एक श्वास जायचा, आणि बारक्या झेलायचा, 'लेकरू उशाशी गं, हळूच हल.' पोरं हसायची, मग झोपायची.

बारक्यानं हौसेनं विटांचं घर बांधलं होतं. कुडाचं घर धक्क्यात डुलतं, विटांचं अडून बसतं. मागल्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. त्याची बायको गंगी आणि पोरगी दक्षा अंगणापलीकडच्या कुडाच्या खोपटात राहायला गेल्या. विटांच्या घरात आता खुंटीवरची धोंडीची घांगळी तेवढी होती, आणि तिन्हीसांजेला धोंडी.

दक्षा अंगणात वाट बघत उभी होती.

"काका, शनिवारी डहाणूचा कार्यक्रम हाय. त्यांचा परत फोन आला. कं सांगू?"

"सांग, जोडी मोडली."

"मी झेलते ना. बाबाची सगळी गाणी येतात मला. पण उचलायला कोणी नसला तं मी एकटी कं करू? अशीच जातील ती."

"जागा रिकामी नाय, पोरी," धोंडी बोलून गेला.

 दक्षा हळूच म्हणाली, "मी रोज हितं उभी राहते, काका. तुझाच आवाज येतो. तू गातोस, गप्प होतोस, परत गातोस... आतमधी दुसरा कोणी नाय. भिंत पडायला आली. नको जाऊस."

धोंडीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो आत गेला.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याचीही गाळण उडाली होती. दिवसकार्य उरकल्यावर तो एकटाच या भिंतीला टेकून बसला होता, सवयीनं एक ओळ उचलली होती. अंधारातून एक श्वास ऐकू आला. मग झेल. धोंडी उठून पळणारच होता, पण आवाज एवढा ओळखीचा होता की पळायच्या ऐवजी तो रडला. तेव्हापासून तो रोज यायचा. दक्षाला जोडीला घेतली की बारक्याची जागा भरली, आणि जागा भरली की बारक्या कशाला येईल? एवढीच त्याची भीती होती. मेलेल्या माणसाची भीती त्याला राहिलीच नव्हती.

त्यानं घांगळी खुंटीवरून काढली आणि भोपळा मेणानं पक्का केला. भेगेतून गार वारा येत होता. हळूहळू ओव्याचा वास आला. धोंडी गालात हसला, त्यानं तार छेडली आणि ओळ उचलली.

श्वास नाही. झेल नाही.

त्यानं पुन्हा उचलली. "बारक्या... रागावलास?" भोपळ्यातला घुमारा विरत गेला. बाहेर रातकिडे होते, तेही थांबले. आणि मग अंगणातल्या ताडाखालून, दमलेल्या छातीचा, तुटक असा आवाज आला.

'धरतरी... माय गं...'

धोंडीच्या अंगावर सर्रकन काटा आला. बारक्यानं उभ्या जन्मात ओळ उचलली नव्हती! दम पुरायचाच नाही त्याला. 'कूस का... बदललीस...' आवाज एकेका शब्दाला धापा टाकत होता. आणि ओळ तर उचललेली. भुईवर कशी पडू द्यायची? धोंडी घांगळी छातीशी धरून उठला, उंबरा ओलांडून ताडापर्यंत गेला. तिथं कुणी नव्हतं. त्यानं डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ओळ झेलली, 'लेकरू उशाशी गं... हळूच हल.'

पायाखाली गडगडलं. मागली भिंत आतल्या बाजूला, तो टेकून बसला होता नेमकी तिथंच, कोसळली.

धूळ उडाली. दक्षा धावत आली आणि धोंडीला मिठी मारून हमसाहमशी रडली. गंगी खोपटाच्या दारात उभी होती. धोंडीनं तिला विचारलं, "कोणी उचलली, ऐकलंत?"

"तुमचाच आवाज ऐकला, भावजी," गंगी म्हणाली. "तुम्ही झेलत होतात."

त्यानंतर धोंडी विटांच्या ढिगापाशी बसला, ताडाखाली बसला, ओळी उचलून बघितल्या. श्वाससुद्धा आला नाही. बारक्या निरोप घेऊन गेला हे त्याला कळलं, आणि फार लागलं. पण ज्यानं त्याला भिंतीखालून उठवलं, त्याच्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

शनिवारी डहाणूला चिकूच्या वाडीत मांडव होता. धोंडीनं ओळ उचलली आणि दक्षानं झेलली, बापाच्या वळणानं, एक श्वास उशिरा. प्रत्येक ओळीला तोच श्वास. धोंडीचे डोळे भरून आले. त्याचं हरवलेलं गाणं सगळंच्या सगळं परत आलं होतं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग मांडवामागे चहा घेताना तो म्हणाला, "नाव काढलंस बापाचं. पण तुला तं दमा नाय, पोरी. मग झेलायच्या आधी थांबतेस कशाला?"

दक्षानं त्याच्याकडे नवलानं पाहिलं.

"थांबू नको तं कं करू? आधी बाबा झेलतो. त्याचा झाला का मग मी." तिचा आवाज खाली आला. "भिंत पडली त्या सांजेपासून येतो मला ऐकू. तुला... तुला नाय येत, काका?"

धोंडीनं कपात बघितलं. पोरीच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

"येतो ना," तो म्हणाला. "येतो तं."

"मग बरं झालं." दक्षानं मोकळा श्वास सोडला आणि कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुला कसं सांगू. शेवटच्या गाण्यात तो तुझं नाव घेऊन जे बोलला... ते ऐकलंस ना तू? मग बरं. तसंच कर, काका."

ती घांगळी उचलून आईकडे निघाली. धोंडी तिच्या पाठीकडे बघत राहिला. आता तिला विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?