झडप बंदच होती

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीवाल्या बाई म्हणत. काम सांगायला सोपं. हृदयाच्या पेशी बंद डबीत प्राणवायूवाचून ठेवायच्या, मग झडप उघडून तो परत द्यायचा आणि त्या कशा फुगून, फुटून मरतात ते सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर बघायचं. कारण प्राणवायूच्या उपासमारीत त्या कशाबशा तग धरत. जीव जायचा तो हवा परतल्यावर.

त्या दुपारी तिचं लक्ष निम्मं फोनकडे होतं. थोरल्या भावाच्या पायात रक्ताची गुठळी अडकली होती, शस्त्रक्रिया चालू होती. तिनं झडपेकडे हात नेला आणि पेशी फुगू लागल्या.

झडप बंदच होती.

तिनं हात मागे घेतला. फुगणं थांबलं. पुन्हा नेला, तर कडेची एक पेशी फुटली.

"गळती असेल. सरका जरा," शेजारचा दाढीवाला म्हणाला. त्यानं सरळ झडप उघडली. हवा आत शिरली. पेशी ढिम्म. मरायचं नावच घेईनात.

"हे कसं काय?"

बघायला ती वाकली, तशा सगळ्या एकदम फुटल्या.

दाढीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... हात धुतले होते ना?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "गुठळी निघाली गं! पाय कोमट लागतोय. ये लवकर, सारखी तुझीच आठवण काढतायत."

इस्पितळात दारातूनच दादा दिसला. पाय छान गुलाबी झाला होता.

"आलीस? बघ, आता नाचायला मोकळा!"

ती आत आली. दादाचं हसू थिजलं. बोटांपासून वर पाय काळानिळा पडत गेला.

"आई गं!"

नर्स धावली. ती मात्र मागे सरली, जिना उतरली, थेट रस्त्यावर आली. योगायोग, औषध, गळती... एकही शब्द डोक्यात ठरेना.

पुन्हा फोन. "कुठे गेलीस गं? बरं वाटतंय त्यांना. रंगही परत आला. डॉक्टरांनाही काही उमगेना. ये ना वर."

ती जागची हलली नाही. नुसतं मनात आलं, जावं का?

फोनमध्ये, वहिनीच्या आवाजामागे, दादा कण्हला.