बारा मिलिमीटरचा पत्रा

"टाकीत उतरून दाखव," तोमासी म्हणाला, "नाहीतर महिनाभर माझे बूट घास." आणि मी अक्कल गहाण ठेवून हो म्हटलं.

तोमासी माझा मामेभाऊ. सुवाच्या गोदीत दोघंही शिकाऊ. खोडी काढायची होती त्याच्याच बापाची, इलाइतिया मामाची.

मामा बोटीच्या पत्र्याला चिकट जेल फासतो, वर मशीनच्या वायरीचा बटणाएवढा तुकडा टेकवतो. त्यातून आवाज आत जातो, आपल्याला ऐकू न येणारा. पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो, आणि मशीनच्या पडद्यावर सुळका उठतो. पत्रा बारा मिलिमीटरचा, तर सुळका बारावर. त्याच्या आधी आणखी एक उठला, तर लोखंड तिथं आतून फाटलेलं. आणि पलीकडून कुणी तेलकट बोट दाबलं, की बारावरचा सुळका बसतो. उचललं, की उठतो. हे मामानंच शिकवलेलं.

दुपारची वेळ. कसावा-मासळी खाऊन सगळे पेंगलेले. मी कोरड्यावर ओढलेल्या बोटीच्या तळातल्या टाकीत शिरले. आत गार. गंजाचा आणि शिळ्या समुद्राचा वास. बॅटरी विझवली, नाहीतर टाकीच्या तोंडातून उजेड दिसला असता. बाहेरून तोमासीनं ठरल्याप्रमाणे एकदा ठोकलं... म्हणजे मामानं तुकडा टेकवला.

मी ठोकल्या जागी तेलकट बोट दाबलं. उचललं. दाबलं. हसू दाबताना पोट दुखायला लागलं.

चौथ्या वेळी पत्र्यानं माझं बोट दाबलं.

जोरात नाही. झोपेतलं माणूस कूस बदलताना टेकतं ना, तेवढंच. मी हात काढला. काळोखात तशीच बसले. मग सरपटत बाहेर आले, गुडघे सोलले तरी कळलं नाही.

मामा बोटीखाली उकिडवा बसलेला. एका हातानं तुकडा धरलेला, दुसऱ्यानं डोळे चोळत होता.

"झालं बाबा माझं," तो तोमासीला म्हणाला. "मुकादम बरोबरच बोलला. अजून एक चूक झाली की मशीन ठेवून घरी जा म्हणाला होता. मी आजच ठेवतो. सुळका नाचतोय मला... तीस वर्षांत कधी नाचला नाही."

तोमासी बुटांकडे बघत बसला. मुकादमाचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मामा," मी म्हटलं. "डोळे ठीक आहेत तुझे. मी होते आत. बोट माझं होतं."

वाटलं कानाखाली बसेल. मामानं नुसतं बघितलं, फार दमल्यासारखं.

"कधी बाहेर आलीस?"

"आत्ताच..."

"हात दाखव. दोन्ही."

दाखवले. तेलानं काळे झालेले. तोमासीनं पण न विचारता आपले पुढे केले.

मामानं मशीन माझ्याकडे वळवलं. तुकडा त्यानं अजून पत्र्यावरून उचलला नव्हता. सुळका बसला. उठला. बसला.

"आत अजून कुणी आहे?"

"नाही मामा. शप्पथ."

"पलीकडून बोट दाबलं तर बारावरचा हलतो, पोरी," मामा हळू आवाजात म्हणाला. "तो बघ, गप उभा आहे. आकडा वाच."

मी वाचला. नाचणारा सुळका सहावर होता.