शिंप्याचं उरलेलं

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. आणि मामा थापा मारणाऱ्यातले नाहीत.

गेल्या वर्षीचा शेवटचा रविवार. दुपारचे चार. टायरच्या दुकानावरची लांबट खोली.

मामा डबल बास वाजवायचे. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, माणसापेक्षा उंच. तरुणपणी हॉटेलच्या बँडमध्ये चांगली नोकरी होती. ती सोडून ते फ्री जॅझच्या नादी लागले. ना चाल ठरलेली, ना ठेका. दुसऱ्याचं ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं. दोन रेकॉर्डी निघाल्या, त्या घरच्यांनीसुद्धा पूर्ण ऐकल्या नाहीत. मामी म्हणायची, "यापेक्षा माझी भांडी सुरात पडतात!"

पण त्या खोलीत मामांनी माणसं जोडली. तीस वर्षं, दर रविवारी दार उघडं. ज्याला वाजवायचंय त्यानं यावं. एक नर्स ट्रम्पेट घेऊन यायची, पोस्टातला कारकून सॅक्सोफोन. आणि ड्रमवर शिंपी, मामांचा जिवलग.

नियम एकच. एकजण जरी वाजवत असला, तरी बाकीच्यांनी उठायचं नाही.

हा नियम मामांनी त्या तीस वर्षांत एकदाच मोडला होता. सगळे थांबले होते, पण शिंपी ड्रमवर तारांचे ब्रश फिरवतच होता. सर्र... सर्र... मामांचं डोकं दुखत होतं. "पुरे रे आता, उरलेलं पुढच्या रविवारी," म्हणत ते उठले. त्यांच्यामागे सगळेच उठले.

बुधवारी शिंपी गेला. दुकानातच, शिलाई मशीनवर मान टाकून.

मग एकेकजण यायचा बंद झाला. नर्सची बदली झाली. कारकुनाचे दात पडले, सॅक्सोफोन धरता येईना. मामीही गेली. खोलीत उरले मामा आणि अकरा खुर्च्या.

गेल्या वर्षीच्या त्या शेवटच्या रविवारी खोलीची किल्ली टायरवाल्याला परत द्यायची होती. मामांनी सगळ्यांना फोन केले होते. शेवटचं एकदा कुणाबरोबर तरी वाजवायचं, एवढीच इच्छा. साडेचारपर्यंत वाट पाहिली.

कोणी आलं नाही.

शेवटी एकट्यानंच बासचा गज उचलला. पंधरा मिनिटं वाजवलं आणि थांबले.

आणि...

सर्र... सर्र...

कोपऱ्यातून. जिथे ड्रम असायचे तिथून. ड्रम तर शिंप्याच्या मुलीनं केव्हाच नेले होते. तिथे नुसती फरशी होती.

"खोटं कशाला बोलू," मामा मला म्हणाले, "भीती वाटायच्या आधी बरं वाटलं गं. कोणीतरी आलं होतं."

"आलास?" असं म्हणून त्यांनी गज तारेवर टेकवला.

ब्रश थांबले.

मामा थांबले की पुन्हा... सर्र. त्यांनी हळू वाजवून पाहिलं. एकच तार बोटानं छेडून पाहिली. मामांचा आवाज आहे तोवर कोपऱ्यात चिडीचूप. दहा वेळा तेच झालं.

त्याला मामांबरोबर वाजवायचंच नव्हतं. तो आपलं उरलेलं वाजवत होता.

मामांनी बास आडवा ठेवला आणि खुर्चीत बसले. एकजण वाजवतोय ना, मग उठायचं कसं?

सहा वाजले. सात वाजले. अंधार झाला. दिवा लावायला उठायचीही सोय नव्हती.

खालून टायरवाला ओरडला, "काका, किल्ली देताय ना?"

"शिंप्या, आता तरी थांब रे..." मामांनी हात जोडले.

सर्र... सर्र...

मामा उठले. तो आवाज चालू असतानाच बाहेरून कुलूप लावलं.

आता ते आमच्याकडे राहतात. बासला हात लावत नाहीत. "दोनदा उठलो गं मी त्याच्यासमोरून," एवढंच म्हणतात.

मी याचा अर्थ लावायच्या फंदात पडले नव्हते. पण परवा जेवताना मामा बोलता बोलता गप्प झाले. मीही गप्प होते. आणि टेबलाच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडून...

मी घाईघाईनं बोलायला लागले. शेजारणीची मांजर, पंख्याची धूळ, तोंडाला येईल ते.

तेव्हापासून मी घरात अखंड बडबड करते. मामा मान डोलावतात, पण माझं ऐकत नसतात. मी श्वास घ्यायला कधी थांबते, याची वाट बघत असतात.