विझवायची राहिलेली शेगडी

हार्टेनरोडेच्या राजवाड्यात एकोणीस शेगड्या होत्या आणि त्या सगळ्या मी पेटवत असे. पांढऱ्या फरशांच्या, माणसापेक्षा उंच. शेगडी खोलीत उभी असते, पण तिचं तोंड भिंतीमागच्या अरुंद बोळात उघडतं. त्यामुळे राख, धूर आणि नोकर, तिन्ही मालकांच्या नजरेआड राहतात. एकतीस वर्षं मी त्या बोळात काढली. खोल्या आतून कधी पाहिल्या नाहीत.

प्रिन्स एर्डमान यांचं आयुष्य मला ठाऊक आहे ते असं, पाठीमागून. त्यांनी तीन लग्नं केली. गावात त्याबद्दल पुष्कळ बोलतात. मी शेगडीच्या तोंडाशी बसून जे ऐकलं तेवढंच सांगतो.

पहिली अमाली. अठराशे एक्कावन्न साली उत्तरेकडून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला सतत थंडी वाजायची. खोलीतल्या माणसाने शेगडीवाल्याशी बोलायचं नसतं, म्हणून तिने खूण ठरवली. लग्नाच्या सोन्याच्या अंगठीने शेगडीच्या फरशीवर एकदा टक केलं की लाकूड घालायचं. दोनदा केलं की पुरे. संध्याकाळी पाचला प्रिन्स तिच्याकडे येत आणि काहीतरी वाचून दाखवत. ती हसायची. माझी बायको रोझीना म्हणायची, "आपल्या लग्नाला सहा वर्षं झाली, तू मला कधी काही वाचून दाखवलंस का?" मला वाचता येत नव्हतं हे तिला माहीत होतं.

त्रेपन्नच्या जानेवारीत अमाली बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

आमच्याकडे रीत आहे. माणूस गेलं की त्या खोलीतली शेगडी विझवायची, खिडकी उघडायची आणि राख वाहत्या पाण्यात सोडायची. मग नवी आग. मी बादली आणि फावडं घेऊन गेलो, तेवढ्यात प्रिन्सचा निरोप आला की खोली थंड होता कामा नये. मी बादली खाली ठेवली. हुकूम होता, मी पाळला.

चौथ्या दिवशी दुपारी त्या शेगडीतून टक असा आवाज आला. प्रिन्स आत असतील असं समजून मी लाकूड घातलं. थोड्या वेळाने बाबेट बोळातून गेली. ती राण्यांची दासी, तोंडाने फटकळ. मी सहज विचारलं, सरकार आत आहेत का. ती म्हणाली, खोलीला कुलूप आहे, किल्ली सरकारांच्या खिशात, आणि सरकार सकाळपासून चॅपलमध्ये गुडघे टेकून बसलेत.

हे मी फक्त रोझीनाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. थांबली नाही.

"थंडी वाजत असेल बिचारीला," ती म्हणाली. "घाल की एखादं लाकूड. आणि बाहेर बोलू नकोस, नाहीतर शेगडीवाला धुराने बिघडला म्हणतील."

मी घालत राहिलो. उन्हाळ्यातसुद्धा राखेखाली निखारा जपत होतो. रोज दोन-तीनदा एकेक टक यायची. दोन कधीच आल्या नाहीत. पुरे असं ती कधी म्हणाली नाही.

सत्तावन्न साली दुसरं लग्न झालं, ते गादीला वारस हवा म्हणून. तिचं नाव लुइटगार्ड. तिला शेजारची खोली दिली, कारण अमालीची बंदच होती. प्रिन्स रोज पाचला कुलूप काढून त्या खोलीत तासभर बसत. बोलत. बाबेट म्हणायची, "नवरा भिंतीपलीकडे मेलेलीशी गप्पा मारतोय. हिने काय करायचं? मोजे विणायचे." लुइटगार्डने खूप मोजे विणले. तिच्या शेगडीत मी दुप्पट लाकूड जाळत होतो, तरी तिच्या खिडकीवर आतून बर्फ धरायचा. वारस झाला. सहाव्या हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्याने गेली. तिच्याबद्दल कुणाचा निरोप आला नाही, म्हणून तिची शेगडी मी रीतीप्रमाणे विझवली. तिथून पुढे कधी आवाज आला नाही.

सहासष्टच्या उन्हाळ्यात प्रशियाचं सैन्य आलं. प्रिन्सच्या साठ शिपायांनी बंदुका अंगणात रचून ठेवल्या आणि घरी गेले. राज्य गेलं. आता लग्न कुणाशी करावं हे सांगायला कुणी उरलं नाही. नोव्हेंबरात त्यांनी शाळामास्तरची मुलगी हेन्रिएटे हिच्याशी लग्न केलं. कुळ खालचं, म्हणून लग्नात उजव्याऐवजी डावा हात दिला. म्हणजे तिला पदवी नाही आणि तिच्या मुलांना वारसा नाही. कारभाऱ्याने विचारलं, बाईंना कुठली खोली द्यायची. प्रिन्सनी खिशातून किल्ली काढून दिली.

त्या लग्नाच्या आधी, ऑक्टोबरात, माझी रोझीना गेली. पोटाच्या तापाने, अकरा दिवसांत.

आम्ही बोळाच्या खालच्याच खोलीत राहायचो. आमची लहान लोखंडी शेगडी होती, आणि तिचं धुराडं वर जाऊन अमालीच्या शेगडीच्या धुराड्याला मिळत होतं. जेवण तयार झालं की रोझीना पळीने त्या नळीवर तीनदा भराभर वाजवायची. वर मला ऐकू यायचं. मी जिना उतरून यायचो, कोबीचं सूप निवायच्या आत. ती गेली त्या दिवशी मी आमची शेगडी विझवली, खिडकी उघडली, राख ओढ्यात सोडली. परत पेटवली नाही. नोकरांच्या स्वयंपाकघरात जेवायचो आणि कोट घालून झोपायचो.

डिसेंबरच्या सुरुवातीला, बाराच्या सुमारास, मी अमालीच्या शेगडीसमोर होतो. धुराड्यातून भराभर तीन टक आल्या.

मी जिना उतरून खाली गेलो. दार ढकलल्यावर मला आठवलं.

खोली होती तशी होती. शेगडी गार. पळी खिळ्याला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तीन. आमची शेगडी मी विझवली होती, पण धुराडं एक होतं आणि वर आग होती. मला एवढंच सुचलं. त्या दिवसापासून अकरा वाजले की मी बाकीच्या अठरा शेगड्या सोडून तिथे येऊन बसू लागलो.

हेन्रिएटे गावातली मुलगी. तिला खुणा-बिणा माहीत नव्हत्या. ती शेगडीच्या पितळी जाळीशी तोंड नेऊन सरळ बोलायची. "लेबरेख्तकाका, आहात का?" सुरुवातीला मी उत्तर देत नव्हतो. मग देऊ लागलो. तिला लग्नाआधीच दिवस गेलेले होते. ती म्हणायची, शेगडीच्या फरशीला हात लावला तर भाजतो, आणि दोन पावलं मागे झालं की तोंडातून वाफ निघते. डॉक्टरने जास्त लाकूड घालायला सांगितलं. मी घातलं. जानेवारीच्या मध्यावर बाबेटने सांगितलं की बाईंची नखं निळी पडलीत, रात्रीच्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसा बर्फ असतो, आणि सरकार उशाशी बसून शेगडीकडे बघत राहतात.

एका दुपारी हेन्रिएटेने जाळीतून विचारलं, "काका, खरं सांगा. त्या गेल्या तेव्हा ही शेगडी विझवली होती?"

मी म्हणालो, नाही.

"मग विझवा ना."

"सरकारांचा हुकूम आहे बाई."

"मी त्यांना विचारलं. ते उठून गेले. काका, मी इथे मरेन. बाळ पण."

मी बघतो म्हणालो. हुकमाचं मी नुसतं निमित्त केलं. हुकूम मोडायला मी घाबरत नव्हतो, माझं आता कोण काय घेणार होतं. पण बारा वाजायला आले होते आणि मला त्या तीन टक ऐकायच्या होत्या. त्या आल्या. मी लाकूड घातलं.

असे मी नऊ दिवस घालवले. हे कुणाला माहीत नाही. आज सांगतोय.

दहाव्या दिवशी रविवार होता. सगळे चॅपलमध्ये होते. बाबेट बोळात आली. नेहमीसारखी बोलली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "तिला पेला धरता येत नाहीये. बाळ कालपासून हललेलं नाही."

मी तिला खिडकी उघडायला पाठवलं. बादली आणि फावडं आणलं. दोन्ही त्याच जागी ठेवलेली होती. बादलीत पाणी भरलं.

शेगडीचं दार उघडलं. चौदा वर्षांची आग. मोठी नव्हती.

पहिलं फावडं घातलं तशी आतून एक टक आली. मी लाकूड घातलं नाही. पुन्हा एक. पुन्हा एक. फरशी तडकेल अशा. मी निखारे ओढत राहिलो.

मग धुराड्यातून तीन आल्या. भराभर.

मी फावडं हातात धरून उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. चॅपलची घंटा वाजली. बारा.

पुन्हा तीन. या वेळी सावकाश. उशीर झाला की ती अशा वाजवायची.

मी बादली ओतली.

वाफ निवळल्यावर जाळीतून बाबेटचा आवाज आला. ती म्हणत होती, "अगं बाई, घाम आलाय हिला." पलीकडे खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर हात-हातभर बर्फ होता. थोड्या वेळाने हेन्रिएटे रडू लागली. बाबेट घाईघाईने म्हणाली की बाळ हललं.

राख मी ओढ्यात सोडून आलो. परतलो तेव्हा बोळात प्रिन्स होते. इतक्या वर्षांत मालकांपैकी कुणी तिथे आलं नव्हतं. बोळ बुटका आहे, ते वाकून उभे होते. मग माझ्या तिपाईवर बसले आणि शेगडीच्या काळ्या तोंडात बघत राहिले. मला वाटलं, हाकलून देतील.

"मी तिला रोज विचारायचो," ते म्हणाले, "अजून थंडी वाजते का. की एक टक यायची."

मी रिकामी बादली खाली ठेवली.

"मला वाटायचं, ती तू करतोस, लेबरेख्त. माझ्या समाधानासाठी."

"नाही सरकार. मला वाटायचं, कधी कधी तरी तुम्ही करत असाल."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेगडीच्या आत हात घालून त्यांनी विटांना तळवा लावला. गार पडल्या होत्या.

"मग आता ती कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

ते उठले, कोटावरची राख झटकली आणि वाकून निघून गेले. शेगडी परत पेटवायला सांगितलं नाही. मार्चमध्ये हेन्रिएटेला मुलगी झाली. प्रिन्स पुढे नऊ वर्षं जगले, आणि त्या खोलीतून मला पुन्हा वाचण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पण ते नंतरचं.

त्या रविवारी चार वाजताच काळोख पडला. मी खाली आमच्या खोलीत आलो आणि कोट घालूनच बाकावर बसलो. कुठूनच काही ऐकू येत नव्हतं. आज मी माझ्या बायकोला हाकलून दिलं, असं माझ्या मनात येत होतं. बुटांची नाडी सोडायला वाकलो तेव्हा गालाला ऊब लागली.

शेगडीला हात लावला. कोमट होती. दार उघडून पाहिलं. ऑक्टोबरात झाडून ठेवली होती तशीच, स्वच्छ, रिकामी.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. पळी खिळ्याला होती. मी तिच्याकडे बघत वाट पाहू लागलो.

टक.

मी पुढच्या दोनची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. बऱ्याच वेळाने पुन्हा एकच आली, आणि या वेळी नीट ऐकू आलं. लोखंडावर सोनं वाजत होतं.

मी लाकूड आणायला उठलो.