मागच्या रांगेतला हशा

आधीच सांगते, यातलं एकही वाक्य माझ्या पदरचं नाही.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो क्लाइव्ह एन्टविसल माझा शेजारी. मोरकममध्ये, समुद्रकाठी, आमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत आहे. बावीस वर्षं त्याचा पियानो मी त्या भिंतीतून ऐकला. त्यानं मला हे सगळं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एक शब्द बदलला नाही. एरवी हा माणूस बाजारातून मासे आणल्याची गोष्टसुद्धा तिखटमीठ लावून सांगतो.

तारीख पंचवीस ऑगस्ट, २०१९. रविवार. जागा एडिनबरोतलं एक तळघर. वेळ दोन वाजून वीस मिनिटं.

दुपारचे दोन वीस. बाहेर लख्ख ऊन होतं.

पण सुरुवात झाली ती मार्चमध्ये, आमच्याच गावात.

क्लाइव्ह तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. त्याची जोडीदारीण रोवेना टॅटरसल, वय त्रेचाळीस. जोडीदारीण म्हणजे रंगमंचावरची. ती गाणार, सोंगं करणार, हा पियानो वाजवणार, असं एकोणीस वर्षं चाललं होतं. लग्न दोघांचंही झालेलं नव्हतं. त्यांच्यात गावाला वाटायचं तसं काही नव्हतं. ते असावं असं क्लाइव्हला मात्र फार वाटायचं. त्यानं ते कधी तिला सांगितलं नाही, त्याच्या गाण्यांतून ते मला कळायचं.

दोन वर्षं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शेवटी रोवेनानं एक नवं पात्र उभं केलं.

मिस पर्ल डेव्हरो.

सन १९६२. समुद्रात बांधलेल्या धक्क्याच्या टोकाशी नाट्यगृह असायचं ना, तिथे उन्हाळाभर गाणारी बाई. डोक्यावर हातभर उंच केसांचा टोप, खोट्या पापण्या, हिरवा मण्यांचा झगा. तीन नवरे पचवूनही पोट न भरलेली. क्लाइव्हनं तिच्यासाठी जुन्या चालीची सात गाणी बांधली. त्यातलं खाणावळवाल्या मालकिणीचं गाणं अफलातून होतं. ती बाई रात्री उठून पाहुण्यांचे सॉसेज मोजते. मी भिंतीपलीकडे एकटी हसत बसायचे.

"हा खेळ चालला नाही," रोवेना म्हणाली होती, "तर मी चष्म्याच्या दुकानात पूर्णवेळ बसणार. मग तू तुझा पियानो वाजव, मी माझी काउंटरची घंटी वाजवते."

क्लाइव्ह हसला होता. पण त्याला ठाऊक होतं, खेळ संपला म्हणजे रोवेनाचं घरी येणं संपलं.

पबच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी ते प्रयोग करून पाहू लागले. पियानोवर फोन ठेवायचा, सगळा खेळ रेकॉर्ड करायचा. मग चिप्सच्या दुकानात बसून, एक इअरफोन हिच्या कानात, एक त्याच्या, पुन्हा ऐकायचा. हशा आला की संहितेवर हिरवी खूण. नाही आला की ओळ कापायची. या धंद्यातले सगळे असंच करतात. हशाशी वाद घालायचा नसतो.

पहिल्या रविवारी नऊ माणसं होती. पर्ल पुढे आली. पापण्या फडफडवल्या.

"माझा तिसरा नवरा, विल्फ. त्याला समुद्र फार आवडायचा हो."

थांबली.

"म्हणून मी त्याला तिथेच ठेवून आले."

कुणी हसलं नाही. पुढच्या खुर्चीतल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. विनोद पडला, हे क्लाइव्हनं डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी चिप्स खाता खाता दोघं ऐकू लागले. विल्फची ओळ आली...

आणि कुणीतरी हसलं.

पुरुष. पोटातून, मोकळं, दणदणीत हसणं. शेवटी खोकला आला. ओला खोकला, छातीत पाणी असल्यासारखा.

रोवेनानं इअरफोन काढला. "हा कोण रे?"

"मागे बसलेला कुणीतरी."

"मागे कोट टांगायची खुंटी होती, म्हाताऱ्या."

"मग खुंटी हसली."

दोघंही हसले. तिनं भलीमोठी हिरवी खूण केली. "चला, एक तरी रसिक निघाला!"

पुढच्या रविवारी चारच माणसं होती. रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा तोच आवाज. तीच ओळ. तोच खोकला.

तिसऱ्या रविवारी रोवेनानं विल्फवर दोन विनोद घातले. दोनदा हसणं.

पुढे पाच घातले.

पाचदा...

खाणावळीच्या गाण्याला बायका खुदखुदायच्या. पण त्या दणदणीत हशापुढे खुदखुदण्याची काय मातब्बरी? मे महिन्यात तिनं ते गाणं कापलं.

"ते गाणं चांगलं आहे गं, पोरी," क्लाइव्ह म्हणाला.

"चांगलं आहे. पण त्याला आवडत नाही."

"कुणाला?"

तिनं पेन्सिल टोकदार करायला घेतली.

त्याच दिवशी क्लाइव्हच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याचा जन्म मात्रा मोजण्यात गेलेला, त्यामुळे त्याला ती कळली. हसणं विनोदानंतर येत नव्हतं. शेवटचा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत सुरू होत होतं. अर्धी मात्रा आधी.

"रोवेना, त्याला विनोद आधीच माहीत आहे."

"तुलाही माहीत आहेत की."

"मी लिहिताना तुझ्याबरोबर होतो!"

तिनं संहितेचं पान उलटलं. मग शांतपणे म्हणाली, "असेल तोही."

ऑगस्टमध्ये ते एडिनबरोला गेले. तिथल्या नाट्यमहोत्सवात त्यांना एक तळघर मिळालं. बत्तीस खुर्च्या, ओल आलेली भिंत, छतातून जाणारा पाण्याचा नळ. सकाळी दोघं मोठ्या रस्त्यावर उभं राहून जाहिरातीचे कागद वाटायचे, दुपारी दोन वीसला खेळ.

आता तासभर फक्त विल्फच होता. तो न्याहारीला काय खायचा. पाण्यात कोणता पाय आधी टाकायचा. त्याचा एकच बूट कुठे सापडला, आणि त्या बुटात काय होतं. लोक सुरुवातीला हसू चेहऱ्यावर आणून बसायचे. पंधरा मिनिटांत ते उतरायचं.

"हे सगळं सुचतं कुठून तुला?" क्लाइव्हनं विचारलं.

"चुकलं की तो गप्प बसतो. बरोबर आलं की हसतो. सोपं आहे."

बरोबर आणि चूक कसलं? विल्फ तिनं स्वतः बनवला होता, आमच्याच स्वयंपाकघरात, माझ्या हातचा चहा पिता पिता. नावसुद्धा बिस्किटाच्या डब्याकडे बघत ठेवलं होतं. मी साक्षीदार आहे.

अकरा प्रेक्षक. मग सहा. मग तीन. एका वर्तमानपत्रात छापून आलं की, एक बाई रिकाम्या खुर्चीसाठी तासभर खेळ करते आणि बाकीच्यांनी तो मुकाट्यानं बघायचा असतो. क्लाइव्हनं तो अंक लपवला. तिनं तो शोधून वाचला आणि तिला नवल वाटलं.

"रिकाम्या?" ती म्हणाली.

त्या रात्री क्लाइव्ह तिच्यासमोर अक्षरशः हात जोडून बसला.

"ऐक ना माझं. उद्या सॉसेजचं गाणं घे. पहिल्यासारखं कर. माणसं हसायला येतात गं, त्यांच्यासाठी कर."

"ती कुठे हसतात? तो हसतो."

"फोनमध्ये हसतो, रोवेना! फक्त फोनमध्ये!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती, ते त्याला जास्त लागलं.

"तुला अजून फोन लागतो?" तिनं विचारलं.

पंचवीस तारखेला एकही तिकीट गेलं नाही. महोत्सव संपायला एक दिवस उरला होता. दिवे सांभाळणारी मॉर्व्हन नावाची मुलगी खाली डोकावली.

"आजोबा, कुणीच नाहीये. रद्द करायचा ना? मी जाऊन काहीतरी खाऊन येते."

प्रेक्षक नसला की खेळ करत नाहीत. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

पडद्यामागून आवाज आला. "कुणी नाही कसं? दिवे लाव."

मॉर्व्हननं क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्हनं मान डोलावली. नाही म्हणायची हिंमत नव्हती त्याच्यात, असं तो म्हणतो. मला वाटतं, तिच्याबरोबर आणखी एक तास मिळत होता, तो त्याला सोडवेना.

दिवे लागले. पर्ल आली.

बत्तीस रिकाम्या खुर्च्या.

रिकाम्या खोलीत तालीम करताना नट घाईनं बोलतो, हे क्लाइव्हला ठाऊक होतं. तिला घाई नव्हती. विनोद झाला की ती थांबायची. चार मात्रा. कधी सहा. एकदा पुरत्या अकरा. मध्येच हात वर करून कुणाला तरी शांत करायची. आवाज चढवून पुढची ओळ घ्यायची, खोलीत गलका असल्यासारखी.

खोलीत नळातल्या पाण्याचा आवाज होता. बाकी काही नाही.

क्लाइव्ह वाजवत राहिला. मागची रांग बघायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तरी बघितली. ती रिकामीच होती, आणि तरी त्याला मुळीच बरं वाटलं नाही.

इतका सुंदर खेळ तिनं आयुष्यात केला नव्हता, असं तो म्हणतो. एक थांबा चुकला नाही.

शेवटी पर्ल प्रेक्षकांशी बोलते, तो भाग आला. ती कमरेवर हात ठेवून पुढे झुकली.

"आणि तुम्ही कुठून आलात, राजे?"

थांबली. मान तिरकी करून ऐकू लागली.

मग ती हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. खोट्या पापण्यांपैकी एक सुटून गालावर आली. तिनं ती तशीच राहू दिली.

वाकून नमस्कार केला. क्लाइव्हच्या जवळून जाताना म्हणाली, "येते हं."

आणि झगा दोन्ही हातांनी उचलून जिना चढून गेली.

क्लाइव्हनं कागद गोळा केले. फोन खिशात टाकला. पाच मिनिटं झाली. दहा. तिची पिशवी, कोट, रोजचे बूट तिथेच पडद्यामागे होते. अर्ध्या तासानं तो वर धावला.

पोलिसांनी चार दिवस विचारपूस केली. पण त्या रस्त्यावर त्या दुपारी बांबूवर चालणारा एक माणूस होता, दाढीवाल्या सहा जोगिणी होत्या, अंगभर सोनं फासलेला एक राजा होता. हिरव्या मण्यांच्या झग्यातल्या बाईकडे कोण वळून बघणार? कुणालाच ती आठवली नाही.

ती सापडली नाही. आजतागायत नाही.

आठवड्यानं क्लाइव्हनं ते रेकॉर्डिंग ऐकलं. नंतर मला ऐकवलं. त्याच्या स्वयंपाकघरात, सकाळी अकराला, दार उघडं ठेवून.

त्यात तो हसतो. प्रत्येक थांब्यात बरोबर मावेल इतकंच हसतो. चार मात्रा, सहा मात्रा, अकरा मात्रा. त्यानंतर खोकतो.

क्लाइव्हचा पियानो त्यात नाही.

तासभर तो वाजवत होता, फोन पियानोवरच होता. एक सूर नाही. रोवेना गाते आणि तिच्यामागे पाणी हलल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. तो नळ असेल असं मी म्हणाले. क्लाइव्हनं आवाज वाढवला.

मग तिचा प्रश्न आला. तुम्ही कुठून आलात, राजे?

उत्तर मागच्या रांगेतून आलं नाही. अगदी जवळून आलं. फोनला तोंड लावल्यासारखं. म्हणजे पियानोपाशी, क्लाइव्ह ज्या बाकावर बसला होता तिथून.

"तू ठेवलंस तिथूनच, राणी."

आणि त्यानंतर तिचं हसणं.

मी म्हणाले, "क्लाइव्ह, पुसून टाक हे. माझं ऐक, आत्ताच्या आत्ता पुसून टाक."

तो टेबलाकडे बघत होता. रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला, "दर दिवशी एक तरी विनोद करून पाहिला मी तिच्यासाठी. ती हसायची गं. माझं मन राखायची. पण अशी... अशी एकदाही नाही हसली."

त्यानं पुन्हा फोन हातात घेतला, तशी मी उठून घरी आले.

पियानो त्यानं त्यानंतर उघडलेला नाही. दुपारी मी भिंतीपलीकडच्या खोलीत बसत नाही. ते हसणं तिथे अजून ऐकू येतं, रोज, दोन वीसला सुरू होतं. मी रेडिओ मोठा करते.