सीमेपलीकडची कादंबरी

सकाळच्या चहाबरोबर कादंबरी वाचणं, ही यामिनी खानोलकरांची नोकरी होती. नागपूरच्या एका संशोधन केंद्रात ‘पूर्ववाचक’ नावाचं यंत्र शेजारच्या देशातल्या नव्या कादंबऱ्या काही क्षणांत वाचून काढायचं. ज्या पुस्तकापाशी ते अडायचं, ते यामिनीबाई सावकाश वाचायच्या. जुन्या युद्धांच्या आधी लिहिलेल्या घरगुती कादंबऱ्या त्या यंत्राला शिकवल्या होत्या. युद्ध यायच्या वर्ष-दोन वर्षं आधीच घरातली माणसं उद्यापरवाचं बोलेनाशी होतात, क्रियापदांतला भविष्यकाळ आटतो, आणि लिहिणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. यंत्र तेवढंच मोजायचं, आणि तो आटलेला दिसला की अडायचं.

या खेपेचं पुस्तक एका कापडव्यापाऱ्याच्या घराचं होतं. तीन सुना, धाकट्या दिराचं दुखणं, स्वयंपाकघरातले रुसवेफुगवे. युद्धाचं नावही नव्हतं. पण एका पानावर लग्न ठरलेल्या मुलीची आई शिंप्याकडे टाकलेलं कापड न शिवलेलंच परत आणते, आणि घरात कुणीही तिला कारण विचारत नाही. तिथे यामिनीबाईंनी पुस्तक पालथं ठेवलं.

केंद्रप्रमुख मोघ्यांना दुपारपर्यंत शेरा हवा होता. युद्ध येणार यावर यंत्राचं आणि वाचकाचं एकमत झालं, की कागद थेट सरकारकडे जायचा. यामिनीबाईंची लेक गार्गी सीमेलगतच्या गावात डॉक्टर होती. त्यांनी आधी तिला फोन लावला, चार दिवस घरी ये म्हणाल्या. दोन बाळंतिणी अडल्यात, निघता येत नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं.

यामिनीबाईंनी शेरा लिहिला, ‘सहमत.’

चौथ्या दिवशी इकडचं सैन्य पुढे सरकलं, सहाव्या दिवशी तिकडचं. नवव्या दिवसापासून गार्गीचा फोन लागेना.

यामिनीबाई मोघ्यांच्या खोलीत गेल्या.

“यंत्र खरं ठरलं, की आपण ते खरं केलं?”

तसलंच यंत्र तिकडेही आहे, हे कालच कळल्याचं मोघ्यांनी सांगितलं. ते आपल्या कादंबऱ्या वाचतं. वर्षभरापूर्वी ते एका मराठी पुस्तकापाशी अडलं होतं. मोघ्यांनी ते पुस्तक टेबलावरून पुढे सरकवलं.

यामिनीबाईंनी मुखपृष्ठ ओळखलं. गेल्या मे महिन्यात गार्गी घरी आली होती, तेव्हा दोघींनी ते एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि पोट धरधरून हसल्या होत्या.

“आम्ही दोघींनी वाचलंय हे,” त्या हळूच म्हणाल्या. “आम्हाला काहीच कसं दिसलं नाही?”